डॉक्टर सिंटॅक्सच्या तीन सफरी : कोणती प्रत घ्यावी आणि कुठून वाचावी

‘डॉक्टर सिंटॅक्स’ हे विल्यम कूमने पद्यात लिहिलेलं आणि थॉमस रोलंडसनने चित्रं काढलेलं, एका पाद्र्याच्या सफरींचं तीन खंडांचं विनोदी इंग्रजी पुस्तक. त्याचा पहिला खंड हातात आला की आधी चित्रं मोजायची. मुखचित्र आणि चित्रमय शीर्षकपान धरून ३१ भरली पाहिजेत. दुसऱ्या खंडात २४, तिसऱ्यात २५, एकूण ८०. ७९ भरली तर संच अपुरा, आणि गहाळ झालेलं पान बहुधा कुणाच्या तरी दिवाणखान्यात फ्रेममध्ये लटकत असतं. मजकूर सावकाश वाचता येतो. या पुस्तकात कविता चित्रांसाठी लिहिलेली आहे, चित्रं कवितेसाठी काढलेली नाहीत. कोणती आवृत्ती घ्यायची हे ठरवताना एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

ही उलटी रीत कशी पडली ते सांगायला हवं. लंडनमध्ये स्ट्रँडवर १०१ क्रमांकाच्या दुकानात रुडॉल्फ ॲकरमन नावाचा जर्मन प्रकाशक रंगीत छापचित्रं विकायचा. मूळचा तो बग्ग्यांचे आराखडे करणारा. १८०९ मध्ये त्याने एक काव्यमासिक काढलं आणि त्यात इंग्रज व्यंगचित्रकार थॉमस रोलंडसनची एक चित्रमाला द्यायचं ठरवलं : हडकुळा, लांब हनुवटीचा एक पाद्री-मास्तर घोडीवर बसून निसर्गदृश्यं शोधायला निघालाय. चित्रांना पद्य हवं होतं, म्हणून ॲकरमनने विल्यम कूमला गाठलं. कूम तेव्हा सत्तरीला टेकलेला होता आणि कर्ज फेडता न आल्याने किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत अडकून पडला होता. दर महिन्याला त्याच्याकडे एक चित्र जायचं आणि त्यावर तो पानंच्या पानं पद्य पाडायचा. पुढच्या महिन्यात कोणतं चित्र येणार, याचा त्याला पत्ता नसायचा. दोन वर्षं असं चाललं, जवळजवळ १०,००० ओळी झाल्या आणि या काळात चित्रकार व कवी यांची एकदाही गाठ पडली नाही. ही हकीकत कूमने स्वतःच प्रस्तावनेत सांगितली आहे. १८१२ मध्ये तेच सगळं ‘द टूर ऑफ डॉक्टर सिंटॅक्स इन सर्च ऑफ द पिक्चरेस्क’ (चित्रात शोभतील अशा दृश्यांच्या शोधात) या नावाने पुस्तकरूपात आलं आणि असं खपलं, की सिंटॅक्सच्या नावाचे कोट, केसांचे टोप आणि हॅट बाजारात आल्या. स्टॅफर्डशरच्या क्लूज बंधूंनी निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या ताटांवर ही चित्रं छापून अमेरिकेत पाठवली. त्याच्या नावाच्या एका शर्यतीच्या घोड्याने प्रेस्टनचा गोल्ड कप सात वेळा जिंकला. खुद्द सिंटॅक्स मात्र यॉर्कच्या शर्यतीत पैसे घालवून बसतो.

गोष्टीत फार काही नाही. हा पाद्री एका खेड्यात मुलांना छडीच्या धाकाने शिकवतो. उत्पन्न तुटपुंजं, बायको डॉली खमकी. एके दिवशी त्याच्या डोक्यात येतं, की हल्ली जो तो प्रवासवर्णन लिहून पैसे करतोय, मग आपणच का मागे राहावं? ग्रिझल नावाची मरतुकडी घोडी, चित्रांची वही आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन तो निघतो. वाट चुकतो. दरोडेखोर लुबाडून त्याला झाडाला बांधून ठेवतात आणि वाटेने जाणाऱ्या दोन बायका सोडवतात. खाणावळीच्या मालकिणीशी बिलावरून हुज्जत होते. पडक्या वाड्याचं चित्र काढता काढता तो पाण्यात कोसळतो. बैल मागे लागतो तेव्हा हॅट आणि टोप दोन्ही गमावून झाडावर चढतो. एका सद्गृहस्थाचं घर खाणावळ समजून आत शिरतो आणि हुकूम सोडू लागतो.

स्पेनमध्ये १५५४ साली ‘लाझारिलो दे तोर्मेस’ने जी भटक्या नायकाची कादंबरी रूढ केली, तिचा सांगाडा इथे जसाच्या तसा आहे. प्रसंगामागून प्रसंग, मधले दुवे कच्चे, नायक प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जवळपास होता तिथेच. फरक स्वभावात. त्या परंपरेतला नायक लबाड असतो, पोटासाठी धन्यांना टोप्या घालतो. सिंटॅक्स भोळा आणि सचोटीचा आहे. टोपी त्यालाच घातली जाते. म्हणून हडकुळा स्वार आणि हडकुळी घोडी बघून सर्व्हान्तेसच्या कादंबरीतला डॉन किहोते आठवला तर ते बरोबरच आहे. शौर्यकथांनी डोकं फिरलेला तो, चित्रकलेच्या नियमांनी डोकं फिरलेला हा.

ते नियम कुणाचे हे माहीत नसेल तर निम्मे विनोद हुकतात. विल्यम गिल्पिन हा खराखुरा पाद्री, तोही आधी शाळामास्तर. १७८२ मध्ये त्याचं वाय नदीच्या सफरीचं पुस्तक आलं आणि इंग्लंडभर ‘पिक्चरेस्क’ दृश्यं हुडकायचं वेड पसरलं. दृश्य नुसतं सुंदर असून भागत नाही, ते चित्रात शोभलं पाहिजे : खडबडीत, भग्न, विस्कटलेलं. टिंटर्नच्या मठाचे भग्नावशेष त्याला पुरेसे मोडलेले वाटले नाहीत, तेव्हा हातोडी जपून चालवली तर कोपरे आणखी बरे दिसतील, असं त्याने लिहून ठेवलंय. गाईंबद्दलही त्याचा नियम होता : दोन गाई एकत्र नीट बसत नाहीत, तीन हव्यात, चार असतील तर तिघींचा घोळका आणि एक जरा बाजूला. आता पहिल्या सफरीतला वाट चुकल्याचा प्रसंग उघडा. उजाड माळावर दिशादर्शक खांब आहे, पण त्यावरची अक्षरं पुसली गेली आहेत. वाट विचारायला माणूस नाही. सिंटॅक्स म्हणतो, वेळ वाया का घालवा, खांबाचंच चित्र काढू. मग सपाट माळाचा तो खडबडीत कडा करतो, नसलेलं पाणी आणतो, त्यावर नसलेला पूल टाकतो. सगळे चित्रकार करतात तेच आपण करतोय, असं वर स्वतःच बजावतो. गिल्पिनची टिंगल इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी केलेली नसावी. पुस्तक आवडणार की नाही याची परीक्षाही इथेच होते. हा प्रसंग वाचून हसू आलं नाही तर पुढे जाऊ नका.

कूमच्या पद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आठ अक्षरांच्या ओळी, दोन-दोन ओळींना यमक, घोड्याच्या दुडक्या चालीसारखं छंदाचं वळण. पहिल्या दोन सर्गांत मौज वाटते. पाचव्या-सहाव्यापर्यंत कान बधिर होतात. शिवाय महिन्याची पानं भरायची असल्याने चित्रातला प्रसंग संपला की कूम उपदेशाला बसतो : संसार, धर्म, मैत्री, नशीब. सिंटॅक्स कुणाच्या घरी मुक्कामाला गेला की दोन-दोन पानांची भाषणं ठोकतो. पहिल्या सफरीचे २६ सर्ग ओळीने वाचणारे बहुतेक जण मध्येच सोडून देतात, आणि दोष त्यांचा नाही. रीत बदलावी. आधी चित्र उघडायचं आणि अर्धं मिनिट बघायचं. मग त्या चित्राच्या मागची-पुढची तीन-चार पानं वाचायची, भाषण सुरू झालं की थेट पुढच्या चित्रावर जायचं. कूमने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने हे वाचन होतं. एका बैठकीत पाच-सहा चित्रं पुरेत.

सगळी चित्रं सारख्या ताकदीची नाहीत. पाण्यात पडण्याचं, बैलाचं, दरोडेखोरांचं आणि सरोवराकाठी घोडीवर बसूनच रेखाटन करण्याचं चित्र कधीच चुकवू नये. ‘सफर वाचून दाखवताना’ हे माझ्या मते पहिल्या खंडातलं सर्वांत धारदार. लेखक रंगात आलाय आणि ऐकणारी मंडळी बसल्या जागी पेंगतायत. साहित्यिक मेळाव्यांना जाणाऱ्या कुणालाही हे चित्र नवं वाटणार नाही. खाणावळीच्या खिडकीच्या काचेवर प्रवाशांनी खरडलेल्या चारोळ्या उतरवून घेणारा सिंटॅक्स, थडग्यांवरचे लेख वाचत बसलेला सिंटॅक्स, ही जरा शांत चित्रं, पण जमलेली. पुस्तकविक्रेत्याचं चित्र मजकुरासकट वाचावं. सिंटॅक्स हस्तलिखित घेऊन व्हेलम नावाच्या प्रकाशकाकडे जातो, तो आधी झिडकारतो आणि बड्या लॉर्डची चिठ्ठी दिसताच लोण्यासारखा विरघळतो. कर्जबाजारी कूमने इथे जुने हिशेब चुकते केलेत असं वाटतं, आणि म्हणूनच या सर्गात त्याचं पद्य जिवंत आहे. रोलंडसनलाही फाटक्या खिशाची सवय होती. वारशाने आलेला पैसा त्याने जुगारात उडवला होता. १७८४ मध्ये मित्राबरोबर भाड्याच्या गाडीतून पोर्ट्समथपर्यंत जाऊन त्याने वाटेतल्या खाणावळी, वेटर, गलेलठ्ठ मालकिणी, चिखल सगळं रेखाटून ठेवलं होतं. सिंटॅक्सच्या खाणावळी खऱ्या वाटतात त्या त्यामुळे.

आता चित्रं छापली कशी जात, कारण प्रत पारखायची तर ते कळल्याशिवाय गत्यंतर नाही. तांब्याच्या पत्र्यावर आधी मेणाचा थर. त्यात सुईने बाह्यरेषा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. रेषा असते तिथे तांबं खाल्लं जातं. हे एचिंग. रोलंडसनच्या चित्रांतल्या थरथरत्या, जाड-बारीक रेषा या टप्प्यातल्या. छटांसाठी पुढचा टप्पा ॲक्वाटिंटचा. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची आणि खालून ऊब द्यायची, म्हणजे कण चिकटतात. पांढरं राहायला हवं तिथे वॉर्निश लावून झाकायचं आणि पत्रा आम्लात थोडाच वेळ ठेवायचा. आम्ल राळेच्या कणांमधल्या फटींतून तांबं खातं. मग आणखी काही भाग झाकून पुन्हा आम्ल. जितक्या वेळा, तितकी छटा गडद. छापल्यावर कागदावर पाण्याच्या रंगासारखा करडा थर उमटतो. त्या करड्या छापावर हाताने जलरंग. समोर रंगवलेला नमुना ठेवून रंगारी ओळीने बसत आणि प्रतीमागून प्रती रंगवत.

यातूनच तपासणीच्या खुणा निघतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आकाशाचा किंवा जमिनीचा करडा भाग बघा. भेगाळलेल्या चिखलासारखी अनियमित जाळी दिसली तर ॲक्वाटिंट. ओळीने बसलेले एकसारखे ठिपके दिसले तर नंतरचं यांत्रिक मुद्रण, विक्रेता काहीही म्हणो. रंगाचेच बारीक ठिपके थरावर थर असतील तर क्रोमोलिथो, म्हणजे दगडावरून अनेक रंगांत छापलेलं चित्र. हाताने रंगवलेल्यात रंग रेषेच्या बाहेर किंचित सांडलेला असतो, कडेला ब्रशची गडद किनार राहते आणि दोन प्रतींतलं एकच चित्र कधी तंतोतंत जुळत नाही. सिंटॅक्सच्या काळ्या कोटावर नजर ठेवा. चांगल्या प्रतीत तो कोट निळसर-करडा असतो आणि खालची छापील छटा त्यातून दिसते, घड्या कळतात. घाईने रंगवलेल्यात कोट म्हणजे काजळाचा गोळा.

तांबं मऊ असतं. ॲक्वाटिंटची जाळी छापता छापता लवकर झिजते, एचिंगच्या रेषा त्यामानाने जास्त टिकतात. म्हणून उशिराच्या छापांत बाह्यरेषा ठसठशीत पण आकाश आणि डोंगर फिकट, असं विचित्र मिश्रण दिसतं, आणि ते लपवायला रंग जाड लावलेला असतो. पुस्तक इतकं खपलं की पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच आवृत्त्यांची रांग लागली. तेव्हा शीर्षकपानावर १८१२ किंवा १८१३ दिसलं म्हणून भुलू नये. आवृत्तीचा क्रमांक बघावा, आणि त्याहीपेक्षा चित्राचा ताजेपणा.

तीन खंडांचे संच विकत घेताना नेहमीचा घोटाळा असा. पहिली सफर १८१२ ची, दुसरी ‘समाधानाच्या शोधात’ १८२० ची, तिसरी ‘बायकोच्या शोधात’ १८२१ ची. पहिल्या सफरीच्या पुढच्या आवृत्त्या मुबलक, त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ संचांत पहिला खंड पाचव्या-सातव्या आवृत्तीचा आणि बाकीचे दोन पहिल्या आवृत्तीचे असतात. एकाच रंगाच्या कातड्यात, एकाच सोनेरी नक्षीत बांधले की जोडी जमल्यासारखी दिसते. हे गैर नाही, किंमत मात्र त्या हिशेबाने हवी. दुसरा त्रास बांधणीचा. नव्याने बांधताना कडा समान करायच्या म्हणून पानं छाटतात आणि चित्राखालची प्रकाशकाच्या नावाची बारीक ओळ अर्धी किंवा पूर्ण जाते. पत्र्याच्या दाबाने कागदावर चौकट उमटते, तीही मग दिसत नाही. चित्राखालची ओळ शाबूत आणि समास रुंद असलेली साधी प्रत, छाटलेल्या राजेशाही बांधणीपेक्षा केव्हाही बरी.

कागदावरचे तांबूस ठिपके जवळजवळ अटळ. ते समासात असले तर दुर्लक्ष करा. चेहऱ्यावर किंवा आकाशात असले तर विचार करा. चित्रासमोरच्या मजकुराच्या पानावर चित्राची तपकिरी सावली उमटलेली असते. मध्ये पातळ कागद असेल तर ती कमी असते, पण तो कागदच आम्लयुक्त निघाला तर तोच पिवळा पडून चित्र खराब करतो. चित्राच्या पाठीमागे रंग उमटलेला असेल तर सावध व्हा. जुन्या कागदाची खळ गेल्यावर कुणी नव्याने रंगवलं, की रंग टीपकागदात शोषावा तसा आरपार जातो. तांबूस ठिपक्यावर रंग वेगळाच गडद चढला असेल तर तेच, ठिपका आधीचा आणि रंग नंतरचा. पांढऱ्या जागा काळवंडल्या असतील तर तो शिशाच्या पांढऱ्या रंगावर हवेतल्या गंधकाचा परिणाम. गुलाबी आणि नीळ आधी उडतात. गालांची लाली गेलेली आणि आकाश राखाडी पडलेलं चित्र बरीच वर्षं उजेडात टांगलेलं असतं.

सुट्या पानांचा बाजारही मोठा आहे. पुस्तकं फोडून चित्रं वेगळी विकतात, कारण फ्रेममधल्या ३१ चित्रांच्या किमतींची बेरीज एका पुस्तकाच्या किमतीहून जास्त होते. डाव्या कडेला शिवणीची भोकं दिसली तर पान पुस्तकातलं. नसतील तर कड छाटलेली आहे किंवा चित्र नंतरचं आहे. फ्रेममधून काढून दाखवा म्हणावं. स्वस्त पुठ्ठ्याने चित्राभोवती तपकिरी रेघ जाळलेली असते आणि ती निघत नाही. घरी टांगायचंच असेल तर ५० लक्सच्या वर प्रकाश नको, आर्द्रता निम्म्याच्या आसपास, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या भिंती टाळाव्यात.

मूळ प्रत परवडत नसेल तर १८२३ ची तीन खंडांची छोटी आवृत्ती बघावी. खिशात मावणारी, चित्रं लहान आकारात नव्याने कोरलेली. टिंगल तीच, पण बारीक चेहऱ्यांची मजा आकाराबरोबर आक्रसते. सिंटॅक्सची हनुवटी शाबूत राहते, मागच्या गर्दीतले चेहरे मात्र भाताच्या शितांएवढे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन कॅम्डन हॉटन या प्रकाशकाने तिन्ही सफरी एका जाडजूड खंडात आणल्या. वाचायला सोयीची, मजकूर पूर्ण, ८० ची ८० चित्रं, पण रंग भडक आणि छटा मेलेल्या. १९०३ ची मेथ्यून प्रकाशनाची छोटी रंगीत आवृत्ती त्यापेक्षा नेटकी आहे आणि फक्त पहिली सफर हवी असणाऱ्याला पुरते. मागणीनुसार छापून देणाऱ्या आजच्या प्रती मात्र टाळा. काळ्या-पांढऱ्या धूसर स्कॅनवरून छापलेल्या असतात, ॲक्वाटिंटचा राखाडी थर शाईचा डाग होऊन बसतो आणि काहींत चित्रंच गाळलेली असतात. मजकूर तेवढा हाती लागतो, म्हणजे या पुस्तकाचा दुबळा अर्धा भाग.

फुकट वाचायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या प्रतींचे स्कॅन आहेत. तिथेही निवड करावी लागते. एकाच आवृत्तीचे दोन-तीन स्कॅन उघडून एकच चित्र शेजारी ठेवा, पाण्यात पडण्याचं चित्र यासाठी उत्तम. ज्यात पाण्याची छटा आणि पडक्या भिंतीची छटा वेगळी ओळखू येते तो स्कॅन घ्या. फार दाबलेल्या फायलीत जाळीचा चिकट लगदा होतो. कुठल्याशा ग्रंथालयाने पिवळेपणा घालवायला रंगसुधारणा केली असेल तर निळं आकाश कृत्रिम दिसतं. एकेक चित्र मोठ्या आकारात बघायला न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम यांची संकेतस्थळं चांगली. मजकूर एका खिडकीत, चित्र दुसऱ्या खिडकीत, अशी मांडणी केली की मूळ प्रतीच्या बरीच जवळची मजा येते.

नक्कलांपासून जपा. पहिल्या सफरीच्या यशानंतर सिंटॅक्सला लंडनमध्ये फिरवणारी, पॅरिसला नेणारी पुस्तकं १८२० मध्ये भराभर निघाली, १८२१ मध्ये डॉक्टर प्रॉसडी नावाचा भाऊबंदही आला. ती ना कूमची, ना रोलंडसनची. यादीत नुसतं ‘सिंटॅक्स, रंगीत चित्रांसह’ लिहिलेलं असेल तर चित्रकाराचं नाव बघूनच हात घाला. याच जोडीचं त्याच पठडीतलं आणखी काही हवं असेल तर १८२२ चं ‘जॉनी क्वी जीनस’ आहे. त्यात अनाथ पोरगा नायक आहे आणि नोकऱ्या बदलत फिरतो, म्हणजे तंत्राच्या दृष्टीने सिंटॅक्सपेक्षा तेच खरं भटक्याचं पुस्तक. पण त्याला सिंटॅक्सची हनुवटी नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सफरीवर फार वेळ घालवू नका. दुसरीत डॉली वारलेली असते आणि सिंटॅक्स दुःख विसरायला पॅट्रिक नावाच्या नोकराला घेऊन हिंडतो. पिक्चरेस्कची टिंगल संपलेली आहे आणि तिच्या जागी काही आलेलं नाही. तिसरीत तो लग्नाच्या बाजारात उतरतो, तिथे रोलंडसन पुन्हा चेव आल्यासारखा काढतो, पण कूम तोवर ऐंशीच्या घरात पोचला होता आणि ओळीओळीत दमलेला जाणवतो. तिसऱ्या खंडातली चित्रं चाळा, मजकुराचे चार-दोन प्रसंग बघा. संपूर्ण संच मिळत असेल आणि पहिला खंड चांगला असेल तर घ्या. पहिला खंड फिकट आणि बाकी दोन झकास असा संच मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा.

८० वं चित्र सिंटॅक्सच्या अंत्ययात्रेचं. तिसऱ्या खंडाची प्रत तपासताना आधी तेच उघडा. शेवटचं असल्याने बांधणीच्या ताणाने सुटून पडतं, आणि सुटलेली पानं आधी हरवतात.